बाबांची सपाट कटिंग

माझ्या डोक्यावर स्टीलचा पेला ठेवला तर तो पडत नाही. ही बढाई नाही, आमच्या ऑफिसात दोनदा पैज लागून हे सिद्ध झालेलं आहे. माझी कटिंग सपाट आहे. बाजूचे केस मशीन फिरवून जवळजवळ उडवलेले आणि वरचे उभे राखून टेबलासारखे एका पातळीत कापलेले, जुन्या फोटोंत फौजी लोकांची असते तशी. मोबाइलवर तिला हल्ली इंग्रजी नाव मिळालंय आणि तरुण पोरं ती 'रेट्रो' म्हणून मागतात. पण आमच्या भागात ती नीट जमणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो वर्ध्यात नाही, केळझरला आहे.

कटिंग मूळची माझी नाही, माझ्या बाबांची आहे. बाबा केळझरच्या एका शाळेत पीटीचे सर होते. तरुणपणी ट्रेनिंगला गेले तेव्हा तिथल्या रिटायर फौजी उस्तादानं त्यांचे केस पहिल्यांदा असे कापायला लावले, आणि आरशात बाबांना आपलं रूप फारच आवडलं. त्यानंतर पन्नास वर्षं त्यांनी केसांच्या बाबतीत दुसरा विचार केला नाही.

नोकरीला लागले तेव्हा केळझरात ही कटिंग कोणालाच येत नव्हती. बाबांच्या पहिल्याच वर्गात उंच उडी मारणारा एक मुलगा होता. आठवीनंतर शाळा सोडून त्यानं वडिलांचं कटिंगचं दुकान धरलं. बाबांनी त्यालाच ही कटिंग शिकवली, स्वतःच्या डोक्यावर आणि उंच उडीच्या भाषेत. मी त्यांना काका म्हणतो. आता त्यांचीही साठी उलटून गेली आहे.

उंच उडीची भाषा म्हणजे काय ते सांगायला हवं. शाळेचं मैदान एका बाजूला उतरतं होतं. दोन्ही खांबांवर सारख्या उंचीच्या खुणा केल्या तरी वरची दांडी तिरपीच लागायची. म्हणून बाबा खांब मोजतच नसत. त्यांच्या शर्टाच्या खिशात गवंड्यांकडे असते तशी एक छोटी लेव्हल असायची. प्लास्टिकची पट्टी, तिच्यात काचेची नळी, नळीत हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. ती दांडीवर ठेवायची आणि बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध येईपर्यंत दांडीची एक बाजू वरखाली करायची. एखादा मुलगा शंका काढायला लागला की बाबा ओरडायचे, "खांबाकडे काऊन पाहून राह्यला? दांडी पाय!" म्हणजे दांडीकडे बघ.

कटिंग संपली की तीच लेव्हल बाबांच्या डोक्यावर जायची. काका श्वास रोखून बघायचे. बुडबुडा मध्ये आला की मगच मानेला पावडर लागायची आणि टॉवेल झटकला जायचा. नाही आला तर कात्री पुन्हा चालू. आई म्हणायची की एवढा वेळ लग्न ठरवताना घेतला असता तर बरं झालं असतं.

मला ही कटिंग पाच वर्षांचा असल्यापासून भोगावी लागली. काका खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून मला तिच्यावर बसवायचे. बाबा समोर उभे राहून फक्त दोन शब्द बोलायचे, "मान सरळ." हे दोन शब्द मी जेवताना ऐकले, अभ्यास करताना ऐकले, फोटो काढताना ऐकले. मामाच्या लग्नात पंगतीत बसलो असताना पार पलीकडच्या रांगेतून ऐकले. वर्गातली पोट्टी मला 'ओटा' म्हणायची. मागच्या बाकावरून कोणीतरी माझ्या डोक्यावर खोडरबर ठेवायचं आणि तास संपेपर्यंत तो तिथेच राहायचा, कारण कटिंग उत्तम होती आणि मान सरळ ठेवायची मला सवय होती. बाबांचा राग यायचा. फार राग यायचा. वर्ध्याला कॉलेजात आल्यावर मी पहिलं काम केलं ते भांग पाडायचं.

मी परत त्या खुर्चीत कसा बसलो, याला कारण आईचं जाणं. आई गेली त्याच वर्षी बाबांना आम्ही वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघेला आमच्या घरी आणलं. वर्ध्यात पावलापावलावर सलून आहे. एका चकचकीत सलूनमध्ये मी त्यांना हट्टानं घेऊन गेलो. तिथल्या तरुण कटिंगवाल्यानं मोबाइलवर फोटो बघितले, मान डोलावली आणि बाबांच्या डोक्याचा अर्धा नारळ करून ठेवला. बाबांनी त्याचे पैसे दिले. घरी येऊन मला म्हणाले, "मी केळझरले जात जाईन. तू मधात नोको पडू." आणि दर पंधरा दिवसांनी एसटीनं जायला लागले. आई नसताना ते एकटे बसस्टँडवर उभे आहेत, हे मला बघवेना. एका रविवारी मी सोबत गेलो. त्यांचं झाल्यावर काकांनी खुर्ची झटकली आणि माझ्याकडे बघितलं. "सरायसारखीच?" मी म्हटलं, "हाव." बाबा कोपऱ्यातल्या बाकावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही, पण पुढची दहा मिनिटं पानही उलटलं नाही.

सपाट कटिंग करून घेणं सोपं, ती सांभाळणं म्हणजे संसार. पंधरा दिवस ती कटिंग असते, सोळाव्या दिवशी गवत होतं. रोज सकाळी केस ओले करायचे, ब्रशनं खालून वर ओढायचे, ओढलेले धरून वाळवायचे. मग पुढच्या ओळीला मेण. ही पुढची ओळ फार महत्त्वाची. बाबा सांगायचे की प्रार्थनेला पहिली रांग सरळ उभी राहिली की मागच्या रांगांना बोलावं लागत नाही. मेण बाजारातल्या डबीचं चालत नाही. जंगलातून मध घेऊन येणारी एक आदिवासी बाई बाजारच्या दिवशी मोहोळाचं मेण देते, ते खोबरेल तेलात वितळवून एका डबीत भरायचं. थंडीत ते दगड होतं, म्हणून डबी गॅसच्या शेगडीजवळ ठेवावी लागते, आणि एकदा माझ्या बायकोनं ती तुपाची समजून उघडली होती. तो विषय आमच्याकडे काढत नाहीत.

सगळ्यात मोठा शत्रू हेल्मेट. बाबांनी आयुष्यभर सायकल चालवली ती याचसाठी, असा माझा संशय आहे. मे महिन्यात सगळं गाव डोक्याला दुपट्टा गुंडाळून फिरतं, बाबा छत्री धरून सायकल चालवायचे. मला स्कूटरवर हेल्मेट घालावंच लागतं, म्हणून ऑफिसच्या टेबलाच्या खणात माझा एक ब्रश कायम असतो. माझ्या तापट स्वभावाची कीर्ती ऑफिसात आहेच, तशी या ब्रशचीही आहे. बायको म्हणते, तुमच्या डोक्यावर चहा ठेवला तर सांडणार नाही आणि थंडही होणार नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. जीव वाचला, हळूहळू हात धरून चार पावलं टाकायला लागले, बोलणं जड पण समजण्याजोगं झालं. फक्त मान सरळ राहीना. डोकं डाव्या खांद्याकडे कलायचं ते कलायचंच. दवाखान्यातून मानेला बांधायचा एक जाड पट्टा दिला होता. तो बांधला की मान उभी राहायची, पण अर्ध्या तासात बाबा कासावीस व्हायचे. काढला की डोकं पुन्हा डावीकडे. मी त्यांना भरवायला बसायचो तेव्हा त्यांच्याशी नजर जुळावी म्हणून मीही आपलं डोकं तिरपं करायचो. पाच महिने रोज दोन वेळा आम्ही दोघं असे बसत होतो.

ज्या माणसानं हजारो पोरांना मान सरळ ठेवायला लावली, त्याचीच मान वाकडी झाली. हे बाबांनी कधी तोंडानं म्हटलं नाही. त्यांनी फक्त फाटकाबाहेर पडणं बंद केलं. कोणी भेटायला आलं की डोळे मिटून पडायचे. आरसा समोर आणला की तोंड फिरवायचे. आणि कटिंगला नाही म्हणाले. पाच महिन्यांत केस कानांवर आले, कपाळावर आले. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांच्या कपाळावर केस बघितले आणि न्हाणीघरात जाऊन रडलो.

जानेवारीत शाळेतून फोन आला. रिटायर झाल्यापासून दर सव्वीस जानेवारीला बाबा केळझरला जातात, झेंड्याजवळ उभे राहतात आणि 'सावधान'ची ऑर्डर तेच देतात. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "सरांना आणा. बोलता नाही आलं तरी चालेल, नुसते उभे राहिले तरी पोरांना बरं वाटेल." मी बाबांना सांगितलं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "नाई." मला कळलं होतं की या वेळी गेले नाहीत तर ते पुन्हा कधीच कुठे जाणार नाहीत. ही भीती मला रात्रंदिवस खात होती. मी त्यांना विचारलंच नाही, सरळ काकांना फोन केला.

काका सव्वीस जानेवारीच्या दोन दिवस आधी सकाळच्या बसनं आले. हातात पिशवी, गळ्यात मफलर. बाबांनी त्यांना बघून डोळे मिटले नाहीत, एवढंच माझं नशीब. मला वाटलं लगेच सुरू करतील. पण काकांनी खुर्ची ओढली, चहा मागितला, आणि चहा पिऊन झाल्यावर बाबांकडे नुसते बघत बसले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मला ऑफिसला उशीर होत होता.

"काका, घ्या ना आता करून."

"तुम्ही जा, भाऊ. आमाले घाई नाई."

"मान कोण धरणार? पट्टा आणू का?"

"कोणी नोका धरू. जा तुम्ही."

मी चडफडत गेलो. दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा काका निघून गेले होते. बायको मागे कपडे वाळत घालत होती. बाबा पलंगावर डोळा लागून पडले होते, डोकं उशीत. मी त्यांना उठवून बसवलं, रोजचा अर्ध्या तासाचा पट्टा बांधला, मान सरळ केली आणि बघतच राहिलो. डावीकडचे केस उंच, उजवीकडचे ठेंगणे. सगळं डोकं घराच्या उतरत्या छपरासारखं. मी खुंटीवरच्या त्यांच्या जुन्या शर्टाच्या खिशातून लेव्हल काढली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. बुडबुडा धावत डावीकडच्या टोकाला गेला आणि तिथेच बसला.

माझं डोकं फिरलं. बाबा उजवा हात हलवून काहीतरी सांगायला बघत होते. मला वाटलं, त्यांनाही वाईट वाटतंय. मी तिथूनच काकांना फोन लावला. ते बसमध्ये होते.

"काका, नजर गेली का तुमची? जमत नव्हतं तर सांगायचं होतं! हा माणूस आधीच बाहेर निघत नाही, आता या वाकड्या डोक्यानं कसा निघेल?"

बसचा खडखडाट ऐकू येत होता. काका म्हणाले, "भाऊ, सरायनं आरसा पाह्यला. दोनदा पाह्यला."

"खोटं बोलू नका. त्यांनी पाच महिन्यांत आरसा बघितला नाही."

"मंग त्यायलेच इचारजो," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

मी विचारलं नाही. रागात माणूस विचारत नसतो. मी जेमतेम दोन घास गिळले. बाबांना बायकोनं भरवलं, अर्धा तास झाला म्हणून मानेचा पट्टा काढला, आणि कधी नव्हे ते बाबांनी बोटानं बाहेरचा व्हरांडा दाखवला. तिनं त्यांना हात धरून तिथल्या खुर्चीत नेऊन बसवलं. मी धुसफुसत हेल्मेट घेऊन फाटकाशी गेलो. फाटक लावायला मागे वळलो.

बाबा खुर्चीत बसले होते. डोकं डावीकडे कललेलं, हल्ली असतं तसंच. त्यांच्या मागे खिडकीच्या चौकटीखालची आडवी फरशी होती, आणि त्या फरशीच्या ओळीत, अगदी तिच्याच ओळीत, बाबांची कटिंग होती. सपाट. पन्नास वर्षं होती तशी. चेहरा वाकडा, मान वाकडी, आणि वर केसांची ती ओळ जमिनीशी बरोबर.

मी हेल्मेट तिथेच मातीत टाकलं. आत जाऊन लेव्हल आणली आणि त्यांच्या कललेल्या डोक्यावर ठेवली. बुडबुडा जरा डुलला आणि दोन रेघांच्या मधोमध येऊन थांबला.

"क... कळलं?" बाबा म्हणाले. त्यांचा उजवा डोळा हसत होता.

बायको दारात उभी होती; बाबांना ती मामाजी म्हणते. "मी सांगणारच होती," ती म्हणाली. "काकांनी मान धरूच नाई देली. मामाजीनं तो आरसा असा पाह्यला, असा पाह्यला... पण तुम्ही बोलू द्याल तवा ना." मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त आनंद झाला, आणि दोन्ही मिळून मी बाबांच्या पायाशी पायरीवर बसून रडलो. बाबांनी उजव्या हातानं माझ्या डोक्यावर थापटलं. अगदी अलगद, मेण मोडणार नाही असं. संध्याकाळी त्यांनी कपाटाकडे बोट केलं. पांढरी पँट, पांढरा शर्ट. बायकोनं दोन्हींना दोनदा इस्त्री केली.

सव्वीसच्या पहाटे आम्ही ओळखीच्या ऑटोनं निघालो. ऑटोवाल्यानं हुडहुडी भरवणारा वारा लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना ताडपत्री बांधली होती. शाळेच्या फाटकाशीच काका उभे होते. मी उतरलो आणि त्यांचे हात धरले.

"काका, मी फोनवर फार वाईट बोललो. माफ करा."

"जाऊ द्या, भाऊ. लेव्हल ठेवून पाह्यली ना?"

"पाह्यली. तुम्हाला सुचलं कसं?"

काकांनी मैदानाकडे बघितलं. ते अजूनही एका बाजूला उतरतंच आहे. "सरायनंच शिकवलं," ते म्हणाले. "मान आता तशीच राह्यते त्यायची. मंग खांबाले काय पाहाचं?"

 आम्ही दोघांनी मिळून बाबांना उतरवलं. झेंड्यापर्यंत पन्नासेक पावलं होती. बाबा ती सगळी चालले, एक हात माझ्या खांद्यावर, एक पाय ओढत. पोरं रांगांत उभी होती. मला वाटलं हसतील, कारण पोरं ती पोरंच. कोणी हसलं नाही. गावातली चाळिशी-पन्नाशीची माणसं कुंपणापाशी जमली होती, बाबांच्या हाताखालून गेलेली. त्यातला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "पाय बापा, सरायची कटिंग अजून तशीच हाय." बाबांनी ते ऐकलं. माझ्या खांद्यावरची त्यांची पकड घट्ट झाली.

मुख्याध्यापक बाई पुढे आल्या. हळूच म्हणाल्या, "सर, जमेल का ऑर्डर द्यायला? नाहीतर आमचे सर देतील." बाबांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. मला ते बघवेना. त्यांच्याकडे नीट बघता यावं, त्यांना धीर द्यावा म्हणून मी रोजच्यासारखं आपलं डोकं त्यांच्या डोक्याला समांतर तिरपं केलं आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. आधी माझ्या डोळ्यांकडे, मग जरा वर, माझ्या केसांकडे. कपाळाला आठी पडली. ही आठी मी पाच वर्षांचा असल्यापासून ओळखतो. सगळी ताकद लावून, जड जिभेनं, पण पहिल्या रांगेतल्या पोरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मान... सरळ."

पहिल्या रांगेतल्या पोरांनी माना ताठ केल्या. मागच्या रांगांनी त्यांच्याकडे बघून केल्या. मीही केली. मान सरळ केल्यावर मला बाबांचा चेहरा दिसेना, समोर फक्त झेंड्याचा खांब दिसत होता आणि तोही डोळ्यांत पाणी आल्यामुळे नीट दिसत नव्हता. खांद्यावर त्यांचा हात होता. पलीकडून शाळेच्या सरांनी 'सावधान' म्हटलं, तेव्हा आम्ही सगळे आधीच सावधान होतो.